शेवंतीकाकींचा घोडेस्वार

"मगे इतकी वर्सा मी पूजा केलंय ती कोणाची?"

शेवंतीकाकींनी पदराची गाठ सोडली आणि आतलं चांदीचं जाडजूड गोल बुवांच्या पुढ्यात ठेवलं.

मठाचे बुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. हातातली शेंग त्यांनी सोलली, दाणे सुपात टाकले, मग वर बघितलं.

"कोण काय म्हणालं?"

"हे." काकींनी हनुवटीनेच दाखवलं.

हे म्हणजे उपेंद्र नेरूरकर. पुण्याचे. मोठ्या कंपनीत इंजिनियर होते, आता निवृत्त. बुवांचा अनुग्रह घेतलेला, वर्षातून एकदा मठात येऊन राहायचे. माणूस वाईट नाही हो. पण आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायचं असलं तरी आधी मिठाचा इतिहास सांगणार, आणि तोवर आमटी गार.

मी पुंडलिक. जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, आता मठात स्वयंपाकाचं बघतो. माणसांच्या तोंडाकडे बघायची खोड त्या नोकरीतली, ती काही सुटली नाही. म्हणून त्या सकाळचं सगळं सांगू शकतो.

"बुवा, मी मुद्दाम नाही बोललो," नेरूरकर म्हणाले. "काकींच्या देवघरात हे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं."

"काय निघून गेलं?"

"की हा देवाचा टाक नाही. हे वलंदेजांचं नाणं आहे. आणि घोड्यावर जो बसलाय तो रवळनाथ नाही. त्यांच्याकडचा चिलखत घातलेला स्वार आहे."

"शिपाय," काकी म्हणाल्या. "शिपाय म्हणालास तुमी."

"...हो. शिपाई म्हणालो."

बुवांनी ते गोल उचललं नाही. नुसतं वाकून पाहिलं. मीही पाहिलं. घोडा दिसत होता, पुढचे पाय उचललेला. वरच्या माणसाला डोकं होतं, पण नाकडोळे केव्हाच गेले होते. उगारलेल्या हातात तलवार असावी असं वाटे. बाकी सगळं गुळगुळीत.

आमच्याकडे डच लोकांना वलंदेज म्हणतात. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांची चांदी इथे आली, या हातातून त्या हातात गेली, आणि त्यातलं एक नाणं काकींच्या सासरी, टेमकरांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसलं. घोडा आहे, तलवार आहे, मग आमचा ग्रामदेव रवळनाथच. कोणा पूर्वजाने हात जोडले ते जोडले.

"मग आता अडलं कुठे?" बुवांनी काकींना विचारलं.



"हात वर जायना," त्या म्हणाल्या. "बाकीच्या देवांका फुलां घालतंय. ह्याच्या म्होरं इलंय की हात थयच रवता. नमस्कार करूक होयो, पण कोणाक करू? शिपायाक?"

"हं."

"मालक गेले तेव्हा मी ह्याच्याच म्होरं बसान रडलंय, बुवानू. पोराक ताप इलो तेव्हा ह्याकाच सांगलंय. पोर बरो झालो. मगे ता कोणी ऐकलान? वलंदेजान?"

 चुलीवर भात होता म्हणून उठून गेलो आणि उगाच झाकण काढून परत ठेवलं. परत आलो तेव्हा काकी डोळे पुसत नव्हत्या. डोळे कोरडेच होते, आणि तेच मला जास्त लागलं.

"न्हेवंदेत आता ह्येंनी," नेरूरकरांकडे हात करून त्या म्हणाल्या. "शिपाय घरात ठेवन मी काय करू?"

नेरूरकरांनी लगबगीने पिशवीतून मखमली डबी काढली. आत रवळनाथाचा नवाकोरा टाक. चांगला रुंद, चकचकीत, नाकीडोळी नीटस.

"बुवा, मी फुकट मागत नाही. कुडाळहून खास करून आणलाय. गुरुजींना विचारून, विधिपूर्वक. जुन्यापेक्षा वजनाला दीडपट आहे."

काकींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. पाव्हण्याकडे बघतात तसं बघितलं. आदर होता, ओळख नव्हती.

बुवांनी पुढची शेंग घेतली.

"तुला हे कशाला हवंय, उपेंद्रा?"

झालं! मी मनात म्हटलं, आता भात करपला तरी चालेल, पण हे लवकर आटपत नाही.

नेरूरकरांनी दुसऱ्या पिशवीतून लाकडी पेटी काढली. झाकण उघडलं. आत निळ्या कापडात खळगे केलेले, एकेका खळग्यात एकेक नाणं, आणि प्रत्येक नाणं पारदर्शक डबीत बंद. प्रत्येकावर घोडा, प्रत्येकावर स्वार. एक खळगा रिकामा.

खरं सांगायचं तर देखणी होती. घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता.

"वलंदेजांचे सात प्रांत होते, बुवा. प्रत्येकाचा कारभार वेगळा, प्रत्येकाचं नाणं वेगळं. स्वार सगळ्यांचा सारखाच, पण घोड्याखाली एक बारीक ढाल असते. त्या ढालीवर प्रांताची खूण. हा बघा हॉलंड, नुसता उभा सिंह. हा झीलंड, लाटांतून वर येणारा अर्धा सिंह. हा उत्रेख्त..."

"आणि रिकाम्या जागी कोण?"

"ओव्हरआयसल."

"काय?"

"ओव्हरआयसल."

"ओव्हर...?" बुवांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. "अवघड रे बाबा. हाक मारेपर्यंत देव निघून जायचा."

काकींना हसू आलं. आलं तसं त्यांनी ते गिळलं.

"त्याची खूण काय?"

"सिंहच. पण त्याच्या पोटावरून एक नागमोडी रेघ आडवी गेलेली असते. नदी आहे ती. तिच्या पलीकडचा मुलूख, म्हणून ते नाव. बुवा, परदेशातून मागवलं तर मिळेल हे नाणं, नाही असं नाही. पण मला तसं नकोय. माझा नियम आहे. जे इथे आलं, आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातातून गेलं, तेवढंच घ्यायचं. हा गोव्याच्या एका घरात सापडला. हा सुरतेचा. हा कोचीनच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे होता. ओव्हरआयसल मात्र..."

ते थांबले. आवाज थोडा बदलला.

"हा संग्रह माझ्या थोरल्या भावाने सुरू केला. अण्णाने. मी त्याच्या मागे मागे. सुट्टी लागली की दोघे निघायचो, सरळ गावं पालथी घालायचो. तो गेला तेव्हा दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, ओव्हरआयसल राहिला रे, उप्या. शेवटचं बोलणं ते. देवाचं नाव नाही घेतलं, हे घेतलं."



मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली. इतकी वर्षं मी त्यांना ताट वाढलं, पण त्यांना भाऊ होता हे मला माहीत नव्हतं.

"म्हणजे ही पेटी अण्णाची," बुवा म्हणाले.

"हो."

"रोज उघडतोस?"

"उघडतो."

"हातात घेतोस?"

"छे छे! हात लावायचा नसतो, बुवा. बोटाला घाम असतो, त्याने चांदी डागते. घ्यायचंच झालं तर मोजे घालून, कडेने धरून. आणि घासायचं तर नावच काढायचं नाही. घासलेलं नाणं आमच्यात मेलं असं समजतात."

"मी रोज घासतंय," काकी म्हणाल्या. "राख आणि चिंच."

"म्हणूनच तर!" नेरूरकर कळवळून म्हणाले. "म्हणूनच ढाल पुसली गेली, काकी! अक्षरं गेली, चेहरा गेला... किती पिढ्या घासताय तुम्ही! भिंगातून बघितलं, उन्हात तिरकं धरून बघितलं, ढालीच्या जागी नुसता उंचवटा. सिंह आहे की नाही तेही कळत नाही."

"न्हाणूक नको देवाक?"

नेरूरकर काकींकडून वळले. त्यांनी बुवांकडे बघितलं.

"माझी विनंती एवढीच आहे, बुवा. काकी तुमचा शब्द मानतात, मीही मानतो. हे मला तपासायला न्यायची परवानगी द्या. पुण्यात यंत्रं आहेत. ओव्हरआयसल निघाला तर ठेवून घेतो. आणि नाही निघाला तर काकींचं काकींना परत. माझा शब्द."

"काय परत?"

"म्हणजे?"

"नाही निघाला तर त्यांना काय परत देशील? नाणं, की देव?"

...

 

नेरूरकरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्वच्छच होता तो.

"मी जे सांगितलं ते खरं आहे, बुवा," ते हळू म्हणाले. "खरं सांगणं हा गुन्हा आहे का?"

"मी कुठे म्हटलं?"

"मग मी काय करायला हवं होतं?"

बुवांनी काकींकडे बघितलं. "काकी, आज याची आंघोळ झाली?"

"नाय. त्या दिसापासून नाय."

"पुंडू, चुलीतली थोडी राख आण. चाळलेली. आणि चिंच भिजवलीयेस का?"

"आमटीसाठी भिजवलीय."

"त्यातली आण. आमटी एक दिवस चिंचेवाचून जेवू."

मी राख आणली, चिंचेचा कोळ आणला, पितळी ताम्हन ठेवलं, तांब्याभर पाणी ठेवलं. काकी अंग चोरून बसल्या.

"माझो हात जायना म्हणान सांगलंय, बुवानू."

"तुम्ही नाही. हा घालेल."

नेरूरकर दचकले. "मी?"

"तू."

"बुवा... हे... घासायचं?"

"हो."

"राखेने?"

"साबण लावलास तर काकी रागावतील."

"पण ढालीवर जे काही थोडंफार उरलं असेल तेही जाईल!"

"जाईल कदाचित."

"मग प्रांत कधीच कळणार नाही."

"नाही कळणार."

नेरूरकरांचा चेहरा उतरला. शेवटची गाडी डोळ्यांदेखत सुटलेली माणसं मी खूप बघितली आहेत. तोच चेहरा.

"गुरूची आज्ञा म्हणून सांगताय?"

"नाही रे. आज्ञा कसली? तुला न्यायचं तर ने. काकींनी दिलंय. पेटीत घाल आणि ऊठ."

हे बाकी मला अपेक्षित नव्हतं. काकींनाही नसावं. त्यांनी पटकन बुवांकडे बघितलं आणि मग खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे. 

नेरूरकरांचा हात नाण्याकडे गेला. सवयीने कडेने धरलं, अलगद. पेटी उघडीच होती. रिकामा खळगा समोर. मी मनात म्हटलं, घातलंन आता पेटीत. पुण्याला पोचलं समज.

त्यांनी एकदा काकींकडे बघितलं. खाली घातलेली मान, मांडीवर उताणे पडलेले दोन हात. त्या हातांकडे ते बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी मांडी घातली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि चिमूटभर राख घेतली.

"कसं घासायचं?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.



नेरूरकरांनी राखेवर दोन थेंब चिंचेचा कोळ टाकला आणि बोटाच्या टोकाने घोड्याला नुसता स्पर्श केला. गरम तव्याला लावावं तसं. परत लावला. परत काढला. असं चाललं असतं तर संध्याकाळपर्यंत घोड्याचा एक खूर घासून झाला असता.

"तसा नाय ओ," काकींना राहवलं नाही. "अंगठ्यान. सगळो अंगठो टेकवा."

"असा?"

"गोल गोल. भियाव नकात. तो काय मोडणा नाय."

नेरूरकरांनी अंगठा टेकवला. एकदा फिरवला. त्यांचे डोळे मिटले होते. ज्याला आयुष्यभर हात लावायचा नाही त्याला हात लावला की माणसाचं काय होतं कोण जाणे. 

"घोड्याच्या पायांकडे हळू," काकी पुढे सरकल्या. "थय माझी सासू हळूच करी. पाठीवर जोर केलो तरी चलता."

"इथे?"

"हां. आता मागसून."

मागच्या बाजूला दोन सिंह होते, मध्ये मुकुट. तेही झिजलेले. नेरूरकरांनी मागची बाजू घासली, मग परत पुढची. आता अंगठा सरावला होता. राख काळी झाली, त्यांची बोटं काळी झाली, नखांत गेली. काकी सांगत होत्या, ते ऐकत होते. बुवांनी पावट्याचं सूप मांडीवरून खाली ठेवलं होतं.

आणि अंगठा थांबला.

घोड्याच्या पायांखाली, जिथे नुसता उंचवटा होता, तिथे ओली काळी राख कुठल्यातरी बारीक चरीत जाऊन बसली होती. मी नेरूरकरांच्या शेजारीच होतो. मला दिसलं. उभ्या सिंहासारखं काहीतरी. आणि त्याच्या पोटावरून आडवी गेलेली रेघ.

सरळ नव्हती. नागमोडी होती.

 नेरूरकरांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ते नाव त्या सकाळी मी इतक्यांदा ऐकलं होतं की ओठांवरून वाचता आलं.

ओव्हरआयसल.

त्यांची नजर पेटीकडे गेली. निळ्या कापडातल्या त्या रिकाम्या खळग्याकडे. डोळे भरून आले. अण्णा आठवला असणार. दुसरं कोण आठवेल अशा वेळी?

"काय झाला?" काकींनी विचारलं.



काकी नेरूरकरांच्या तोंडाकडे बघत होत्या. दृष्टी अधू झालेली बाई, तिला राखेतली रेघ दिसायची नव्हती. तोंड मात्र दिसत होतं.

"दिसलो काय शिपाय?"

इस्पितळात डॉक्टर बाहेर आल्यावर माणसं जशा आवाजात विचारतात ना, तसा तो आवाज. रागाचा लवलेश नाही. काय ते एकदाचं सांगून टाका, एवढंच.

...

मी बुवांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी काही बोला. बुवा डोळे मिटून बसले होते. अशा वेळी त्यांचा मला फार राग येतो.

नेरूरकरांनी राखेची आणखी एक चिमूट घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. ती नेमकी त्या ढालीवर ठेवली आणि अंगठ्याने घासायला लागले. जोर लावून. हळू करा म्हणून काकींनी सांगितलेल्या जागीच जोर लावून. दात आवळलेले, गालावरून पाणी ओघळतंय, आणि अंगठा गरागरा फिरतोय. मग त्यांनी तांब्या उचलला आणि धार धरली.

काळं पाणी ताम्हनात उतरलं. खाली परत नुसता गुळगुळीत उंचवटा.

"नाही, काकी," ते म्हणाले.

"नाय?"

"नाही दिसला. माझी चूक झाली."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आमटीतल्या मिठाच्या बाबतीत सुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

"मगे ता वलंदेजाचा नाणा..."

"वलंदेजांची नाणी अशी नसतात. ही बघा ना," त्यांनी पेटीकडे बोट केलं, "किती वेगळी आहेत. मी घाईत बोललो. नीट न बघता बोललो. सवयच आहे मला ती."

"आणि घोड्यावर कोण मगे?"



"तुमच्या सासूबाईंनी सांगितला तोच."

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. किती वेळ बघितलं! त्यांचा विश्वास बसला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. माणसाच्या तोंडावरून मी सगळं ओळखतो अशी माझी घमेंड होती, ती त्या दिवशी गेली.

मग त्यांनी हात पुढे केला. नेरूरकरांनी घोडेस्वार त्यांच्या तळव्यावर ठेवला. कडेने धरून नाही, सगळी ओंजळ लावून.

काकींनी पदराच्या टोकाने तो पुसला. पाठपोट पुसला. दाराकडे धरून बघितला.

"बरो घासलास," त्या म्हणाल्या. "चिंच मातशी जास्त झाली. पण पयल्याच वेळाक बरो."

त्यांनी देव ताम्हनाच्या कडेला टेकवून उभा केला. माझ्याकडे बघितलं. मी धावत जाऊन जास्वंदीचं एक फूल तोडून आणलं. काकींनी ते वाहिलं.

आणि हात वर गेले. दोन्ही. कपाळापर्यंत.

काही पुटपुटल्या, ते ऐकू आलं नाही. शेवटचा शब्द तेवढा ऐकला: "रागाव नको रे."

मी भाताकडे पळालो. भात करपला होता. करपू दे, मी म्हटलं, आणि तिथेच उभा राहून डोळे पुसले.

जाताना काकींनी जुना देव पदरात बांधला. नेरूरकर मखमली डबी घेऊन त्यांच्या मागे गेले.

"काकी, हाही न्या. तुमच्यासाठीच केलाय."

"एका घरात दोन दोन कित्याक?" काकी म्हणाल्या. "तुमी न्हेवा ह्याका. तुमच्याकडे देव आसत?"

"नाहीत."

"मगे न्हेवाच. पण डबीयेत बंद करून ठेव नकात हां. रोज न्हाणवा."

"रोज न्हाणवीन," नेरूरकर म्हणाले.

काकी उतरणीला लागल्या. आल्या होत्या तेव्हा कंबरेवर हात ठेवून, मध्येच थांबत आल्या होत्या. जाताना एकदाही थांबल्या नाहीत.

नेरूरकर परत येऊन बुवांसमोर बसले. पेटी अजून उघडीच होती. त्यांनी ती मिटली, पण कडी लावली नाही.

"बुवा..."

"बोल."

"मी खोटं बोललो."

"हं."

"त्यांच्याशी बोललो. तुमच्यासमोर बोललो. आणि अण्णाशी तर..." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "सापडला होता, बुवा. तोच होता. माझ्या अंगठ्याखाली होता. मी माझ्या हाताने पुसून टाकला."

बुवांनी सूप जवळ ओढलं.

"पाप झालं का?"

बुवा गप्प.

"की बरं केलं? काहीतरी सांगा ना. काही एक सांगा."

मला वाटलं, आता बुवा दोन शब्द बोलतील, पाठीवर हात ठेवतील. एवढं तरी करावं की नाही माणसाने? पण त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं आणि दाण्यांतली टरफलं वेचायला लागले.

 नेरूरकरांचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. मनगटापर्यंत काळे झाले होते. अंगठा तर कोळशाचा वाटावा. ते कसेनुसे हसले, उठले आणि रांजणाकडे निघाले.

"हात धुऊन येतो, बुवा."

बुवांनी मान वर केली.

"आज नको धुऊस."